नाव लपवण्याआधी



सातारा असो वा सांगली, चहावर एक कल्पना हमखास निघते. “भाई, तू सॉफ्टवेअरवाला. एक वेबसाइट काढ. पेपरात, चॅनलमध्ये काम करणाऱ्यांनी नाव न सांगता आतले कागद टाकायचे. आपल्याविरुद्ध बातम्या कशा शिजतात, ते तरी कळेल!”

राग मला समजतो. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टचं निमित्त होऊन दंगल झाली. एका तरुणाचा जीव गेला. चार ओळींच्या मजकुराची किंमत आपल्याला माहीत आहे. म्हणूनच जपून बोलतो.

वेबसाइट बनवणं सोपं आहे. सिक्युअरड्रॉपसारखं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, टॉरमुळे पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता लपतो. पण माणूस लपतोच असं नाही. 2017 मध्ये अमेरिकेत रिॲलिटी विनर सापडली, कारण फुटलेला तो कागद ऑफिसात छापून घेणारे मोजून सहा जण होते. आता आपल्या जिल्ह्यातलं छोटं कार्यालय डोळ्यांपुढे आणा. बातमीचा पहिला मसुदा पाहणारे किती? दोन, फार तर तीन. मालकाला कॉम्प्युटर तपासायचीही गरज नाही. नोकरी गेली तर व्हिसलब्लोअर कायदाही कामी येत नाही. 2014 चा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे, आणि तोही लागू झालेला नाही.

दुसरा धोका उलटा. नाव लपवून खोटाही येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘द वायर’ला मेटाविरुद्धच्या बातम्या मागे घ्याव्या लागल्या, कारण हाती आलेल्या कागदपत्रांच्या खरेपणाची खात्री देता आली नाही. आपल्याकडून एक बनावट ईमेल प्रसिद्ध झाला, तर दहा खरे ईमेलही खोटे ठरतील.

मग करायचं काय? पक्षपात बऱ्याचदा छापील पानावर उघडाच असतो. 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी प्रकरणातल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावरही बोट ठेवलं. तो निकाल कुणालाही वाचता येतो. त्याच्या शेजारी त्या वर्षीचे मार्च-एप्रिलचे अंक ठेवा. आरोप कितव्या पानावर, किती ओळींत? सुटका कितव्या पानावर? तारखेसह मांडा.

नव्या बातमीबद्दल आधी संपादकाला लिहा. समाधान झालं नाही, तर दैनिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. तिथे स्वतःचं नाव द्यावं लागतं. द्या. आपण नावानिशी उभे राहिलो, तरच आतला माणूस कधीतरी आपल्यावर विश्वास टाकेल.

तोवर कुणी व्हॉट्सअपवर आतला स्क्रीनशॉट पाठवला, तर पुढे पाठवू नका. आधी त्याला विचारा: हा तुझ्याशिवाय किती जणांकडे होता?