शाळेचे मैदान : हरळी की प्लास्टिक?

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. आता तसले ‘टर्फ’ तालुक्याच्या गावीही आले आहे. दिसायला झकास! पण गुरुजी, भर दुपारी त्यावर तळहात टेकवून पाहा. हरळीच्या पानांतून पाण्याची वाफ निघते, म्हणून ती गार राहते; प्लास्टिक कडक उन्हात ६० अंशांपर्यंत तापू शकते. फुटबॉलच्या टर्फमध्ये पुष्कळदा जुन्या टायरांचा चुरा पसरतात. तो मुलांच्या बुटांतून घरी येतो, पावसात ओढ्याला मिळतो. असा चुरा ऑक्टोबर २०३१ पासून विकायचा नाही, असे युरोपीय संघाने २०२३ सालीच ठरवले. शेतकरीदादा म्हणतील, हरळी म्हणजे वैरीण! शेतात खरीच, अनवाणी खेळणाऱ्या पोरांना मात्र तीच बरी. पहिल्या पावसात तिच्या कांड्या टोचा, आणि महिनाभर तिथे गुरे येऊ देऊ नका.