दोनशे संगणक, एक यादी आणि आपली अमानत

साथींनो, आज मी जरा तांत्रिक विषय घेतला आहे: एखाद्या कंपनीतल्या दोनशे संगणकांवर एकच ब्राउझर एक्स्टेन्शन एकाच वेळी कसं बसवतात. चळवळीच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या अभ्यासिकांमध्ये आणि संगणक केंद्रांमध्ये हेच ब्राउझर आहेत, आणि आपल्यातले बरेच जण रोजचे आठ-नऊ तास कुणाच्या तरी कार्यालयात त्यांच्यासमोर बसतात.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. कुणी जाहिराती अडवतं, कुणी पासवर्ड सांभाळतं, कुणी मराठी टायपिंग करून देतं. बसवताना एक वाक्य समोर येतं: हे एक्स्टेन्शन सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकतं. आपण न वाचता ‘होय’ दाबतो. त्या वाक्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. तुमचा ईमेल, बँकेचं पान, शिष्यवृत्तीचा अर्ज, वकिलाला लिहिलेला मजकूर, हे सगळं त्यात आलं.

आता दोनशे संगणकांचं. प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन बटण दाबत बसायचं नसतं. प्रत्येक एक्स्टेन्शनला 32 अक्षरांची ओळख असते, ए ते पी एवढीच अक्षरं वापरून केलेली. ती ओळख आणि अपडेट कुठून घ्यायचं तो पत्ता क्रोमच्या ‘फोर्सलिस्ट’ नावाच्या यादीत लिहायचा. विंडोजवर ही यादी ग्रुप पॉलिसीतून सर्व संगणकांवर उतरते. साधारण दीड-दोन तासांत प्रत्येक संगणक नवी पॉलिसी आपणहून उचलतो. लिनक्सवर ठरलेल्या फोल्डरमध्ये एक जेसन फाइल ठेवावी लागते. फायरफॉक्समध्ये 2018 सालच्या साठाव्या आवृत्तीपासून तशीच पॉलिसी फाइल चालते. अशा रीतीने बसवलेलं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला परवानगी विचारत नाही, आणि त्याला ते काढताही येत नाही.

ही सक्ती वाईटच असते असं नाही. चांगला प्रशासक आधी उलट दिशेने सुरुवात करतो: सगळी एक्स्टेन्शन्स बंद आणि तपासलेली तेवढीच चालू. त्यामागे कारण आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. न वापरलेले टॅब झोपवून ते मेमरी वाचवायचं. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसवा ईमेल पाठवून हल्लेखोरांनी तिच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती नाताळच्या सुट्टीत प्रकाशित केली. ती कंपनी डेटाच्या सुरक्षिततेचंच काम करते! वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. अपडेट आपोआप आलं होतं.

म्हणून ज्याच्या हाती यादी आहे त्याने काही पथ्यं पाळायची. आधी पाच-दहा संगणकांवर बसवायचं, आठवडाभर बघायचं, मग बाकीच्यांवर. एक्स्टेन्शनला बँक, दवाखाना अशा ठिकाणी शिरूच द्यायचं नसेल तर त्या वेबसाइट पॉलिसीतूनच बंद करता येतात. ही सोय फार थोडे लोक वापरतात. एक्स्टेन्शनची मालकी बदलली का, नवी परवानगी मागितली का, हे अधूनमधून तपासायचं. आणि गरज संपली की यादीतून नाव काढायचं.

इथवर झाली तंत्राची गोष्ट. खरा प्रश्न पुढे आहे. ज्या यादीतून पासवर्ड सांभाळणारं एक्स्टेन्शन जातं, त्याच यादीतून पाळत ठेवणारंही जातं. माझ्या कामात एका छोट्या कंपनीच्या मालकांनी असं एक्स्टेन्शन मागितलं होतं, कोण कोणती वेबसाइट किती वेळ बघतं त्याची नोंद ठेवणारं. मी एवढंच म्हणालो, “बसवू. पण त्याआधी कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना लिहा: काय नोंदलं जाईल, कोण बघेल, किती दिवस ठेवाल. मराठीत आणि हिंदीत.” ते लिहायला बसले. दुसऱ्या ओळीशी अडकले. शेवटी नोंदीची मागणी त्यांनीच मागे घेतली आणि धोकादायक वेबसाइट अडवण्यापुरतं काम ठेवलं. तेव्हापासून माझा नियम सोपा आहे: जे उघड लिहून सांगता येत नाही, ते बसवायचं नाही.

कायद्याचा आधार पुरेल का? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मालकाला स्वतःचं नुकसान टाळण्यासारख्या कारणांसाठी कर्मचाऱ्याच्या संमतीशिवायही त्याचा डेटा वापरण्याची मुभा आहे. म्हणजे बरंचसं पुन्हा माणसांच्या नियतीवर येतं.

आता आपल्या घरात येऊ. अभ्यासिकेतल्या संगणकावर एखादी मुलगी घटस्फोटाचा कायदा शोधते, पोटगीबद्दल वाचते, वसतिगृहाची चौकशी करते. घरी तिच्याकडे फोन नाही, किंवा आहे तो भावाच्या हातात असतो. ‘मुलं बिघडू नयेत’ म्हणून कुणी भल्या हेतूने त्या संगणकावर नोंद ठेवणारं एक्स्टेन्शन बसवलं, तर ती नोंद कुणाच्या टेबलावर जाईल? बाईच्या आयुष्याचा निर्णय तिला विचारल्याशिवाय होऊ नये, हे आपण कुटुंबाला सांगतो, जमातीला सांगतो, सरकारला सांगतो. मग आपल्याच संगणक खोलीत तिला न विचारता तिच्या खांद्यावरून वाचायचं कसं?

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू उघडून बघायची नसते, जशीच्या तशी परत द्यायची असते. माणसाने ब्राउझरमध्ये टाइप केलेला प्रश्न ही अमानतच आहे.

तेव्हा तीन कामं सुचवतो. एक, प्रत्येक केंद्रात बसवलेल्या एक्स्टेन्शन्सची यादी छापून भिंतीवर लावा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा. दोन, यादीत बदल एकट्याने नको. दोघांची संमती हवी, आणि त्यातली एक बाई असावी. तीन, वापरणाऱ्यांना स्वतः तपासायला शिकवा. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाइप केलं की त्या संगणकावरची प्रत्येक सक्ती समोर दिसते. त्याला पासवर्ड लागत नाही की कुणाची परवानगी. उद्या कामावर गेलात की पाच मिनिटं काढा आणि ते पान उघडून वाचा. काही समजलं नाही तर विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.