मोटारीच्या बॉनेटला वायूचा टेकू



मोटार वाटेंत अडली म्हणजे चालक खालीं उतरतो, बॉनेट उचलतो, एक बारीक लोखंडी दांडी खांचेंत टेकवतो आणि निर्धास्तपणें आपलें डोकें त्या पत्र्याखालीं घालतो. वाऱ्याच्या झोतानें बॉनेट किंचित् वर गेलें कीं दांडी खांचेंतून निसटते आणि सारा भार मानेवर किंवा बोटांवर येतो. पुष्कळ मोटारींत या दांडीऐवजीं दोन बाजूंना वायूनें भरलेल्या दोन नळ्या असतात. ज्या गाडींत त्या नाहींत, तिला त्या घरच्या घरीं कशा बसवितां येतील, याचा आज विचार करूं.

प्रथम या नळीच्या पोटांत काय असतें तें पाहूं. बंद नळकांड्यांत नत्रवायु मोठ्या दाबानें कोंडलेला असतो आणि थोडेंसें तेल असतें. आंत एक दट्ट्या असून त्याला बारीक छिद्र असतें. त्यामुळें वायु दट्ट्याच्या दोन्ही अंगांस पोंचतो. मग दांडा बाहेर कां ढकलला जातो? एका अंगास दांड्यानें जागा अडविलेली असते. तेवढ्या क्षेत्रावरचा दाब शिल्लक राहतो, आणि तोच दांड्यास बाहेर लोटतो. ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा छेद सुमारें अर्धा चौरस सेंटिमीटर भरतो. आंतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० किलो असला, तर नळीचें बळ ४० किलो होतें. छिद्रांतून वायु हळूहळू सरकतो, म्हणून बॉनेट झटक्यानें उडत नाहीं.

यावरून एक गोष्ट उघड होते: ही नळी घरीं बनवावयाची वस्तु नव्हे. ती तयारच घ्यावी. तिला भोंक पाडणें, कापणें किंवा तापविणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. घरीं करावयाच्या त्या तिला धरणाऱ्या पट्ट्या, आणि त्याआधीं करावयाचें तें गणित.

गणित तरफेचें आहे. बॉनेटची पुढची कड ताणकांट्यानें किंचित् उचलावी. कांटा ८ किलो दाखवीत असला आणि कड बिजागरीपासून १०० सेंटिमीटर दूर असली, तर गुणाकार ८०० होतो. बॉनेट ६० अंश उघडलें म्हणजे भाराचें आडवें अंतर निम्में होतें. गुणाकार उरतो ४००. त्या स्थितींत बिजागरीपासून नळीच्या रेषेवर टाकलेला लंब २० सेंटिमीटर असला, तर दोन्ही नळ्यांचें मिळून २० किलो, म्हणजे प्रत्येकीचें १० किलो बळ पुरतें. त्यांत पंचमांश भर घालून १२ किलोची नळी घ्यावी. नळीवर आंकडा न्यूटनांत छापलेला असतो. सुमारें १० न्यूटन म्हणजे १ किलो.

ही भर चैनीसाठीं नव्हे. थंडींत वायूचा दाब उतरतो. मे महिन्यांत ४० अंशांवर असलेली नळी डिसेंबरांतील पहाटे १० अंशांवर आली, तर तिचें बळ सुमारें दहावा हिस्सा घटतें. उलट, मागच्या दाराच्या जुन्या दणकट नळ्या मिळाल्या म्हणून त्याच लावूं नयेत. फाजील बळानें बॉनेटचा पत्रा वांकतो आणि बिजागऱ्या सैल होतात.

आतां बसविण्याची रीत. बॉनेट बंद असतां नळीची रेषा बिजागरीच्या जवळून जावी, म्हणजे ती बॉनेटला वर रेटीत राहणार नाहीं. जागा ठरवितांना आधीं पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून, बंद आणि उघड्या स्थितींतील लांबी मोजावी. बंद स्थितींत दांडा पुरता तळास जाऊं नये. ५ ते १० मिलिमीटर मोकळे ठेवावे. पट्ट्या ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या कराव्यात, आणि त्या बॉनेटच्या पातळ कातडीला न लावतां आंतील सांगाड्याला, शक्य तर असलेल्याच बोल्टांवर, कसाव्यात. टोंकांस गोल डोक्याचे बोल्ट लावावेत, म्हणजे नळी मोकळी फिरते. बॉनेट बंद असतां दांडा खालच्या अंगास असावा. तेल दांड्याच्या चकतीपाशीं राहून ती सुकत नाहीं आणि वायु निसटत नाहीं. काम चालूं असतां बॉनेट दुसऱ्या माणसानें धरावें, आणि पहिल्यानें तें हातानें सावकाश मिटवून कोठें अडतें काय तें पाहावें.

दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, किंवा बॉनेट आपोआप खालीं येऊं लागलें, कीं दोन्ही नळ्या एकदम बदलाव्यात. आणि जुनी लोखंडी दांडी मात्र फेंकून देऊं नये. नळी कधीं दगा देईल तें ती सांगत नाहीं. बराच वेळ डोकें आंत घालून काम करावयाचें असेल त्या दिवशीं दांडीही लावावी. सोयीसाठीं वायु असावा, पण भरंवसा लोखंडावर ठेवावा.