मेण लावलेला अक्रोड

जुन्या फ्रेंच खुर्च्या म्हटलं की राजवाड्यातल्या, सोन्याचा वर्ख चढवलेल्या खुर्च्या डोळ्यांपुढे येतात. मला मात्र ओढ आहे ती पॅरिसबाहेरच्या, अक्रोडाच्या लाकडाच्या, हात असलेल्या खुर्च्यांची.

पंधराव्या लुईच्या काळात पॅरिसचे सुतार बहुधा बीचचं लाकूड घेत. नक्षी कोरून झाली की खडू आणि सरसाचे थर, वर रंग किंवा सोनं. लाकूड झाकलंच जाई. ल्याँ शहरात अक्रोडाला नुसतं मेण चोळत. पटाशी घसरली तर लपवायला जागाच नाही!

तिथला मोठा कारागीर पिएर नोगारे. जन्म १७१८ चा, पॅरिसचा. १७४५ मध्ये तो ल्याँच्या सुतारसंघात उस्ताद झाला, १७७१ मध्ये वारला. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर, वरच्या पट्टीच्या मधोमध फुलं असतात. ती चिकटवलेली नाहीत. पट्टी तासतानाच सुतार तेवढा उंचवटा राखून ठेवी आणि त्यातूनच पाकळ्या निघत. पायाचा बाकही एकाच जाड तुकड्यातून कापलेला. चांगलं लाकूड किती वाया जात असेल! बायकांचे झगे घेरदार, म्हणून खुर्चीचे हात पुढच्या पायांपासून मागे सरकवलेले.

सांध्यात खिळा नाही. कुसू खाचेत बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळपास नाही. म्हणून अडीचशे वर्षांनी चौकट बारीक होते आणि खुंटीचं डोकं किंचित वर येतं. बोट फिरवलं की लागतं. जुनेपणाची ही खूण मला कागदी दाखल्यापेक्षा मोलाची वाटते.

नोगारे चौकटीवर आपल्या नावाचा ठसा मारी. पण सांगाडा करणारा, नक्षी कोरणारा आणि गादी भरणारा असे वेगवेगळे हात एका खुर्चीला लागत. ठसा असलाच तर सुताराचा. फुलं कोरणाऱ्याचं नाव बहुधा कुठेच नाही. गावोगावच्या बहुतेक खुर्च्यांवर तर कोणाचंच नाही. मला याचं वाईट वाटतं.

फ्रान्सच्या व्होज भागातल्या लिफोल-ल-ग्राँ गावात आजही खुर्च्या घडतात. २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. अशी जुनी खुर्ची कुठे दिसली, तर मखमल पाहून पुढे जाऊ नका. खाली वाका आणि चौकटीची आतली बाजू बघा. करवतीच्या आणि रंध्याच्या खुणा तिथेच राहिलेल्या असतात.