मागची दोन चाकं की चारही? थार घेण्याआधी केलेला हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ बराचसा तसाच ठेवलाय.)

आजचा विषय माझ्या स्वतःच्या खिशाचा आहे, त्यामुळे थोडा सविस्तर बोलणार आहे.

बी.टेक.ला असताना हॉस्टेलवर आमचा एक ठरलेला वाद असायचा. मेसचं बिल थकलेलं, पण वाद कशावर, तर पोर्श ९११ घ्यायची झाली तर साधी कॅरेरा घ्यायची की कॅरेरा ४? साधीत इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, ४ मध्ये चारही चाकांना. अर्धी पोरं म्हणायची, खरी स्पोर्ट्स कार म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी. अर्धी म्हणायची, १९८० साली ऑडीची क्वाट्रो आली, तिने रॅलीच्या मैदानात सगळ्यांना धूळ चारली, तिथेच हा वाद संपला. रात्रीचे दोन वाजायचे.

आता नोकरी आहे, नागपुरात. पोर्श काही आली नाही, पण प्रश्न तोच आला. मला थार रॉक्स घ्यायची आहे. पाच दारांची, म्हणजे आई-बाबांना मागे बसताना कसरत नको. ती १५ ऑगस्ट २०२४ला बाजारात आली तेव्हा किंमत १२.९९ लाखांपासून सुरू होती, तीही शोरूमची. फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये, आणि त्याच मॉडेलच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा जवळपास दोन लाखांनी महाग. हे दोन लाख द्यायचे की नाही, यावर मी आठ महिने घालवले.

घरी चामोर्शीला हे सांगितलं, तर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चाकं किती फिरतात ते मंग पाहू. थांबते कशी, ते पाह्यलं का?"

मला तेव्हा राग आला होता. बाबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला, त्यांना काय कळणार, असं वाटलं. पण खरं सांगू का, ट्रॅक्टरवाल्यालाच हे जास्त कळतं.

आपल्याकडचा जुना ट्रॅक्टर आठवा. मागची चाकं मोठी, पुढची लहान. ताकद फक्त मागे. असं का? कारण ओढायला लागलं की वजन मागे जातं. ट्रॉली भरलेली असेल आणि क्लच झटक्यात सोडला, तर पुढची चाकं उचलतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या चाकांवर वजन जास्त, त्यांची पकड जास्त. मग ताकद तिथेच द्या. स्पोर्ट्स कारमध्येही हेच गणित आहे. जोरात पळवली की वजन मागच्या चाकांवर येतं, आणि पुढची चाकं फक्त वळण्याच्या कामाला मोकळी राहतात.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. त्यातूनच हप्ता, त्यातूनच घरभाडं. एकाच टायरला पळायलाही लावलं आणि वळायलाही, तर दोन्हीकडे कमी पडतं. म्हणून ९११ जीटी३ सारखी रेसट्रॅकसाठी केलेली गाडी आजही फक्त मागच्या चाकांवर चालते.

मग चार चाकांची ताकद कशाला? त्यासाठी रोवणीच्या दिवसांतली बांधी आठवा. चिखलात ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून तर लोखंडी केज व्हील लावावी लागतात, आणि आता लोक फोर-व्हील-ड्राइव्हचे ट्रॅक्टर घ्यायला लागलेत. हिशोब सोपा आहे. गाडीचं वजन १८०० किलो धरा, अर्धं पुढे, अर्धं मागे. ओल्या चिखलात पकड वजनाच्या वीस टक्के धरा. मागची दोनच चाकं ढकलत असतील, तर जोर मिळतो १८० किलोचा. चारही ढकलत असतील तर ३६० किलोचा. सरळ दुप्पट. चढाच्या भाषेत सांगायचं तर एक गाडी शंभर फुटांमागे दहा फुटांचा चढ कशीबशी चढेल, दुसरी वीस फुटांचा. चिखल स्वतः चाकाला अडवतो ते वेगळं, म्हणजे प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच.

इथपर्यंत मी फोर-बाय-फोरच्याच बाजूने होतो.

मग मागच्या ऑगस्टमधली ती रात्र. मी आईला घेऊन गडचिरोलीहून चामोर्शीला येत होतो, माझ्या सध्याच्या छोट्या गाडीत. पाऊस सुरू. समोर रस्त्यातच एक ट्रक उभा, मागचा लाईट नाही, काही नाही. दिसला तेव्हा मी साठच्या वेगात होतो. ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली, आणि ट्रकच्या मागे हातभर अंतरावर थांबली. आई काही बोलली नाही. घरी पोचेपर्यंत दोघंही गप्प.

दुसऱ्या दिवशी टायर पाहिले. पाच वर्षं जुने, खाचा जवळजवळ बुजलेल्या. चूक ट्रकवाल्याची होतीच, पण माझीही होती.

त्या दिवशी कागदावर हिशोब केला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. कोरडा रस्ता, चांगले टायर, तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओला रस्ता, झिजलेले टायर, तर ३५ मीटर. त्याआधी आपल्या पायाला ब्रेकवर जायला एखादा सेकंद लागतो, ते १७ मीटर वेगळेच. वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर चौपट. आणि या सगळ्या हिशोबात एक आकडा कुठेच येत नाही: इंजिन किती चाकं फिरवतं. कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतो. फोर-बाय-फोर गाडी तुम्हाला निघायला मदत करते. थांबायला नाही.

बाबा हेच विचारत होते.

मग मी इंजिनिअर असल्यासारखा वागलो, एकदाचा. वर्षभरात घरी तेरा फेऱ्या झाल्या होत्या. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. दोनशेच्या आसपास किलोमीटर. प्रत्येक फेरीत गाडी कुठे अडली आणि कुठे जीव वर आला, ते आठवून लिहिलं. रुतलो दोनदा, दोन्ही वेळा शेताच्या पांदणीत, आणि दोन्ही वेळा शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरने काढलं, एका चहावर. घाबरून ब्रेक मारला नऊ वेळा. रस्त्यात बसलेली जनावरं, सुरजागडकडून येणाऱ्या जड ट्रकांची धूळ, खड्डा चुकवायला अचानक आपल्या बाजूला आलेली मोटारसायकल. दोन विरुद्ध नऊ.

अजून एक गोष्ट शोरूममध्ये नीट सांगत नाहीत. थारची फोर-बाय-फोर कॅरेरा ४ सारखी कायम चार चाकांवर चालत नाही. रोजच्या रस्त्यावर ती टू-एच मध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांवरच चालते. फोर-एच कोरड्या डांबरावर लावायचा नसतो, कारण तेव्हा पुढचा आणि मागचा आस एकाच वेगाने बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते कापता येत नाही, आणि सगळा ताण गिअरवर येतो. म्हणजे नागपूर ते चामोर्शी, दोन लाख जास्त देऊनही, मी मागच्याच चाकांवर येणार.

आता कोणी म्हणेल, मग फोर-बाय-फोर फुकटची हौस आहे का? अजिबात नाही. माझा एक मित्र एटापल्ली तालुक्यात आरोग्य खात्यात आहे. त्याचा रोजचा रस्ता म्हणजे माझी पांदण, पण वीस किलोमीटर. त्याने विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, फोर-बाय-फोर घे. जो रोज रुततो, त्याने घ्यावी.

फक्त एका भ्रमात कोणी राहू नये. पुराचं पाणी. भामरागडजवळचा पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जायचा, हे आपल्याला कोणी सांगायला नको. गाडीचा तळ धरा सात चौरस मीटरचा. पाणी तळाला लागल्यावर पुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटरला, आत पाणी शिरेपर्यंत, ते गाडीला जवळपास ७०० किलोने वर उचलतं. वजन गेलं की पकड गेली. मग दोन चाकं फिरोत की चार, गाडी पाण्याची झाली. पाणी वाहतंय, तर थांबा. तिथे कोणतीच गाडी उपयोगाची नाही.

आईने शेवटी विचारलं होतं, "रात्री-बेरात्री कोणाला गडचिरोलीला न्यायचं पडलं तर?" मी तिला म्हटलं, आपल्या दारापासून दवाखान्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. त्या रात्री आपल्याला लागतील चांगले टायर, चांगले ब्रेक, आणि पन्नासच्या वर न जाणारा पोरगा. ती हसली. पण तिला ऑगस्ट आठवला असणार.

तर मंडळी, मी मागच्या चाकांवर चालणारी डिझेल बुक केली. वाचलेल्या पैशांतले काही टायरसाठी बाजूला ठेवलेत, आता पाच वर्षं वाट पाहणार नाही. आणि काही बाबांना दिलेत. पांदणीचा जो तुकडा दरवर्षी रुततो, त्यावर शेजारचे चार-पाच शेतकरी मिळून मुरूम टाकणार आहेत, त्यात आमचा वाटा. गाडीला जे दोन लाखांत जमलं असतं, ते त्या तुकड्यावर सगळ्यांच्या बैलगाड्यांनाही जमेल.

तुम्हीही शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करा. मागच्या वर्षात कितीदा रुतलात आणि कितीदा घाबरून ब्रेक मारलात, ते दोन आकडे लिहा. आणि आज घरी गेल्यावर टायरच्या खाचा बघा.

भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा.