गुडघेदुखी, कंबरदुखी आणि ग्लुकोसामाइन

गुडघा कुरकुरला, कंबर धरली, की कुणीतरी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या सुचवतो. सांध्यातली झिजलेली कूर्चा त्यांनी भरून येईल, ही आशा. ती खरी का? नॉर्वेत मणक्यांच्या झिजेने कंबर दुखणाऱ्या २५० जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज १५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन दिले; उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आराम दोघांनाही सारखाच! शिवाय रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन चालू असेल, तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तेव्हा पैसे गाठीला ठेवा. वजन आटोक्यात राखा, रोज चाला, खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचलून धरा. मांडी बळकट झाली, की गुडघ्याचा भार हलका होतो, बरं का!