गरिबाचा हिशेब आणि शिक्षणाची गुंतवणूक
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



मी कला शाखेचा पदवीधर. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज एका अर्थशास्त्रज्ञाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण त्यांनी ज्या प्रश्नांचा विचार केला, ते प्रश्न आपणा सर्वांपुढे रोज उभे राहतात. सुधारित पद्धत समजावून सांगूनही शेतकरी ती का स्वीकारीत नाही? शाळा गावात असूनही काही मुले मध्येच शाळा का सोडतात? अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक थिओडोर शुल्ट्झ यांनी या दोन प्रश्नांमधील नाते उलगडून दाखविले. १९७९ साली त्यांना सर आर्थर लुईस यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शुल्ट्झ यांचा जन्म १९०२ साली साउथ डकोटा राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतावर माणसांची टंचाई होती. आठवीनंतर वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. पुढे माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नसतानाही त्यांनी कृषी महाविद्यालयात अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळविला आणि १९३० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. शेतीच्या कामासाठी शाळा सुटणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९६४ साली त्यांचा पारंपरिक शेतीच्या परिवर्तनासंबंधीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरीब देशांतील शेतकरी आळशी, अडाणी व रूढीग्रस्त असतो, असा समज त्या काळी विद्वानांतही प्रचलित होता. शुल्ट्झ यांनी त्याला स्पष्ट विरोध केला. हा शेतकरी गरीब आहे, पण हाती असलेली जमीन, बैल, पाणी आणि श्रम यांचा वापर तो काटकसरीने व चोख करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी ग्वाटेमालातील एका गावाबरोबरच उत्तर प्रदेशातील सेनापूर या गावाचा आधार घेतला. डेव्हिड हॉपर यांनी सेनापूरमध्ये केलेल्या पाहणीत असे दिसून आले होते, की तेथील शेतकरी आपली साधने निरनिराळ्या पिकांत अशा प्रमाणात वाटतो, की त्यात फेरफार करून फारसा लाभ होण्याजोगा नाही.

त्यांचे दुसरे उदाहरणही आपल्याच देशातील आहे. शेतीवर इतकी माणसे जादा आहेत, की त्यांपैकी काही काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, असे अनेक अर्थशास्त्रज्ञ मानीत. शुल्ट्झ यांनी १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीकडे लक्ष वेधले. त्यांच्या अंदाजानुसार या साथीत भारतातील शेतीचे मनुष्यबळ सुमारे ८ टक्क्यांनी घटले. १९१६-१७ च्या तुलनेत १९१९-२० मध्ये पेरणीखालील क्षेत्रही ३.८ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे ते हात निरुपयोगी नव्हते. या निष्कर्षावर अमर्त्य सेन यांनी आक्षेप घेतला. साथीत संपूर्ण कुटुंबे नाहीशी झाली, तर त्यांची जमीन लागलीच दुसऱ्यांच्या हाती जात नाही आणि ती पडीक राहते, असा त्यांचा मुद्दा होता. हा वाद विचारात घेण्याजोगा आहे. परंतु शेतकऱ्याला मूर्ख समजून केलेले नियोजन फसते, या मूळ सूत्राला त्यामुळे बाध येत नाही.

येथे एक अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कोरडवाहू गावात मी सुधारित बियाण्याचा मोठ्या उत्साहाने प्रचार केला. सभा संपल्यावर एक वयस्कर शेतकरी उठून म्हणाले, “साहेब, बियाणं चांगलं असेल. पण पाऊस महिनाभर लांबला, तर खताचं उसनं कोण फेडणार?” मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर माझ्या दौऱ्याच्या टिपणात मी ‘शेतकरी नव्या विचारांना अनुकूल नाहीत’ असे वाक्य लिहिले. पुढे शुल्ट्झ वाचले, तेव्हा त्या वाक्याची लाज वाटली. त्या गृहस्थांनी हिशेब मांडला होता. मी त्याला अज्ञान म्हटले होते.

मग गरिबी हटावी कशी? शुल्ट्झ यांचे उत्तर असे, की जुन्याच साधनांत अधिक कष्ट ओतून फारसे काही वाढत नाही. शेतकऱ्याला नवी, परवडणारी आणि त्याच्या जमिनीला मानवणारी साधने मिळाली पाहिजेत. त्यांच्याच विद्यापीठातील झ्वी ग्रिलिकेस यांनी अमेरिकेतील संकरित मक्याचा अभ्यास केला. जेथे त्या हवामानाला योग्य बियाणे लवकर तयार झाले आणि लाभ भरघोस होता, तेथे शेतकऱ्यांनी ते झपाट्याने उचलले. जेथे बियाणे उशिरा आले, तेथे प्रसारही उशिरा झाला. म्हणून स्थानिक संशोधनाचे मोल मोठे. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषी विद्यापीठे उभी राहिली, ती याच गरजेतून. त्याचबरोबर, सरकारने शेतमालाचे भाव पाडून ठेवले तर नवे ज्ञानही वाया जाते, हे शुल्ट्झ यांनी आग्रहाने सांगितले.

नवे साधन आले, तरी ते समजून घेणारी, पारखणारी बुद्धी हवी. येथे शिक्षणाचा विषय येतो. डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना शुल्ट्झ यांनी शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चाला मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हटले. माणसाला भांडवल म्हणणे अनेकांना अवमानकारक वाटते, याची त्यांना जाणीव होती. परंतु स्वतःमध्ये गुंतवणूक करून माणूस आपल्यापुढील निवडीच वाढवितो, असे त्यांचे उत्तर होते.

आपल्याला हा विचार परका वाटू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती आणि अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा अंतर्भाव असावा, असेही सुचविले होते.

शुल्ट्झ यांचा आणखी एक मुद्दा शिक्षकांनी आणि पंचायतीने विशेष ध्यानात घ्यावा. शिक्षणाचा खर्च मोजताना त्यांनी इमारत, पगार आणि पुस्तके एवढ्यावरच न थांबता विद्यार्थी शाळेत असल्यामुळे जी कमाई बुडते तीही खर्चात धरली. २०१० पासून सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. शाळेत फी नाही, हे खरे. पण ज्या घरात थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून आईला मजुरीला जाता येते, त्या घराला शाळा फुकट पडत नाही. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या परिसरात जातो, तेव्हा मूल मागे ठेवायचे तर त्याच्या जेवणाची, निवाऱ्याची व्यवस्था कोणी करायची? साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांची कल्पना याच प्रश्नातून पुढे आली. अशा कुटुंबाला ‘शिक्षणाबाबत उदासीन’ ठरविण्यापूर्वी त्याचा हिशेब आपण मांडून पाहिला आहे काय?

मित्रहो, शुल्ट्झ १९९८ साली निवर्तले. त्यांच्या विचाराचे सार आपल्यापुरते दोन कृतींत सांगता येईल. शेतकऱ्याने नकार दिला, तर प्रथम त्याचे कारण विचारावे आणि ते त्याच्याच शब्दांत नोंदवावे. मूल शाळेत आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या वाट्याचे काम कोणते, हे पाहावे. मग अंगणवाडीची वेळ, वसतिगृहातील जागा किंवा आणखी काय बदलले तर ते मूल वर्गात बसेल, याचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा. हजेरीपटावरील कोऱ्या चौकटीमागे एका घराचा हिशेब असतो. तो वाचण्याची सवय आपण लावून घेतली, तर गावाच्या विकासाचे निम्मे काम झाले, असे मी समजेन.